"सही करून टाकतो, कटकट मिटेल" – हे मी बोलतोय का माझं डिप्रेशन?

उंबरठा | १४ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहिणं फार कमी. आज लिहितोय कारण घरात कुणाशी बोललो की दोनच उत्तरं मिळतात, एक "तू आत्ता कसलाच विचार करू नकोस" आणि दुसरं "कर बाबा एकदाचं काय ते".

थोडक्यात सांगतो (जमणार नाही, आधीच माफी). वय ४३, पुण्यात सिंहगड रोडला, नोकरी आयटीत. फेब्रुवारीत डिप्रेशनचं निदान झालं, पहिल्या गोळीनं नुसती मळमळ व्हायची म्हणून डॉक्टरांनी बदलली, दुसरीवर बरा आहे, बरा म्हणजे अंघोळ रोज होते, ऑफिसला जातो, मुलीच्या प्रश्नांना उत्तरं देतो. वडील गेल्या दिवाळीनंतर गेले. गाव कराडच्या पुढं, तिथं जुनं घर आणि २२ गुंठे. दादा गावातच, शेती तोच बघतो. मे महिन्यापासून तो म्हणतोय की घराचं हक्कसोडपत्र करून दे, पाडून बांधायचंय, कर्ज काढायला नाव एकट्याचं पायजे. दादा वाईट माणूस नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर इथं लगेच भाऊबंदकीवर गाडी जाईल.

घर द्यावं का नाही हा माझा प्रश्नच नाहीये. प्रश्न असा की दिवसातून चार वेळा मला वाटतं, सही करून टाकू, विषय संपेल, फोन येणार नाही. आणि हे वाटणं माझ्या ओळखीचं आहे. २०२१ मध्ये, तेव्हा निदान वगैरे काही नव्हतं, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी राजीनाम्याची मेल पाठवली. दुसरी नोकरी हातात नाही, बायकोला विचारलेलं नाही. मेल गेल्यावर अशी झोप लागली की त्याआधी सहा महिन्यांत लागली नव्हती, म्हणून मला वाटलं बघ, निर्णय बरोबर होता, नाहीतर झोप लागली असती का. पंधरा दिवसांनी छातीवरचा तोच दगड परत, फक्त आता पगार नव्हता.

आणि दुसरीकडं ही गंमत बघा. परवा भाजीवाल्या मावशींसमोर दोडका का दुधी यावर मी इतका वेळ उभा राहिलो की त्या म्हणाल्या, दादा जरा बाजूला होऊन ठरवा, मागं गिऱ्हाईक आहे. दोन्ही न घेता घरी आलो. म्हणजे दोडका ठरवता येत नाही आणि बापजाद्यांचं घर दोन सेकंदांत सोडायला तयार, हे काय गौडबंगाल आहे?

डॉक्टर म्हणाले तीन महिने मोठा निर्णय नको. मान्य. पण न घेणं हापण निर्णयच झाला ना, तिकडं दादाचं बांधकाम अडलंय. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा, कसं ओळखता?

कोरडा_पाऊस | १५ जून, सकाळी ७:१०

दोडका-दुधी वाचून हसलो आणि मग हसू गेलं. माझं असंच चपलेच्या दुकानात झालेलं. शेवटी दुकानदारानंच एक जोड पिशवीत घातला. अजून टोचतो. वाचतोय.

निशिगंध_नाशिक | १५ जून, सकाळी ९:३५

उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत. मी कॉलेजमध्ये समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल बोलणार नाही, पण तुमचं गौडबंगाल मला रोज दिसतं.

पहिली गोष्ट, दोडका न ठरवता येणं हा तुमचा स्वभाव नाही. डिप्रेशनच्या निदानाची जी यादी डॉक्टर वापरतात त्यात उदास वाटणं, झोप, भूक याच्या बरोबरीनं "एकाग्रता होत नाही, निर्णय घेता येत नाही" हे लक्षण म्हणून लिहिलेलंच आहे. लोकांना रडणं माहीत असतं, हे माहीत नसतं, मग घरचे म्हणतात काय हा घोळ घालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोडका आणि घर या दोन गोष्टी उलट्या वाटतात पण मला त्या एकच वाटतात, बघा पटतंय का. दोडका का दुधी हे ठरवायला आतून जरा तरी वाटावं लागतं की आज हे खायला आवडेल, पुढच्या सुखाची थोडी चव आधी जिभेवर यावी लागते, आणि डिप्रेशनमध्ये नेमकी तीच येत नाही, दोन्ही सारखेच बेचव, मग तराजू झुकणार कसा. पण त्रास मात्र स्पष्ट कळतो. त्यामुळे ज्या निर्णयातून काहीतरी मिळणार असतं तो अडतो आणि ज्यातून काहीतरी थांबणार असतं तो झटक्यात होतो. नोकरी सोडणं, लग्न मोडणं, कोर्स सोडणं, ग्रुपमधून बाहेर पडणं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी ब्रँच सोडायचा अर्ज दोन मिनिटांत भरलेला असतो आणि कँटीनमध्ये काय खायचं हे मित्र ठरवतो.

ताणाचं वेगळं असतं. येलला एमी आर्नस्टन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावर बरंच काम केलंय की ताण हाताबाहेर गेला की कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ज्याच्यावर थांबून विचार करणं, दोन गोष्टी मनात एकदम धरणं हे सगळं अवलंबून असतं, त्याचं काम मंदावतं आणि मेंदूचे जुने, पटकन प्रतिक्रिया देणारे भाग सूत्रं हातात घेतात. समोर साप असेल तर उत्तमच. समोर हक्कसोडपत्र असेल तर नाही.

आणि एक सांगते, तुम्हाला उद्देशून नाही, जो कुणी वाचत असेल त्याला. "संपवून टाकू" ही ओढ घरावरून, नोकरीवरून सरकत सरकत जगण्यावर यायला लागली तर धाग्यावर लिहीत बसू नका, १४४१६ ला फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास असतं, मराठीत बोलता येतं.

नानासाहेब_निवृत्त | १५ जून, सकाळी ११:०२

सर्व वाचले. आमच्या वेळी दोडका आणला तर दोडका, दुधी आणला तर दुधी, ही चैन नव्हती. घरात नऊ माणसे, निर्णय वडील घेत, आम्ही पाळत होतो. हल्ली पर्याय फार झाले आणि प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव देण्याची फॅशन आली आहे असे माझे स्पष्ट मत. राग नसावा.

कोरडा_पाऊस | १५ जून, सकाळी ११:२०

नाना, राग नाही पण त्या नऊ माणसांतल्या किती जणांना विचारलं गेलं की तुम्हाला काय होतंय?

रिकामा_खिसा | १५ जून, दुपारी १:१५

नाना येऊ द्या, धाग्याला फोडणी लागते.

उंबरठा साहेब तुमचं शांतपणे संपवणं, माझं उलट. मी ऑप्शन ट्रेडिंगवाला, होतो, होतो. ऑफिसात प्रोजेक्ट जाणार म्हणून टेन्शन, रात्री झोप नाही, पहाटे उठून गिफ्ट निफ्टी (आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज देणारा आकडा) बघायचा, आणि सव्वानऊला बाजार उघडला की हात चालायला लागायचे. सकाळी अकरा हजार गेले की डोक्यात एकच, हे आजच्या आज परत आले पाहिजेत, लॉट डबल, म्हणजे दुप्पट मोठा सौदा. तेव्हा मला कुणी विचारलं असतं की शुद्धीत आहेस का तर मी चार्ट काढून अर्धा तास समजावलं असतं, इतकं सगळं लॉजिकल वाटायचं हो. शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल आला तेव्हा कळलं, तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन, करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. मी सरासरीच्या वर होतो, आयुष्यात पहिल्यांदा.

बायकोनं एक गोष्ट पकडली जी मला दिसत नव्हती. ती म्हणाली तू मीटिंगमध्ये बोलणी खाल्लीस की त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठा तोटा करतोस. वहीत तारखा लिहून ठेवलेल्या तिनं, किराण्याच्या हिशोबाच्या मागच्या पानावर. पाचपैकी चार वेळा जुळलं. ब्रोकरच्या ऍपमध्ये किल स्विच असतो, दाबला की त्या दिवशी सौदा होत नाही, तर आमच्यात ठरलं की बोलणी खाल्ली की रात्रीच तिला सांगायचं आणि सकाळी तिच्यासमोर दाबायचा. पुढं ते खातंच बंद केलं ते सोडा.

निशिगंध_नाशिक | १५ जून, दुपारी २:४०

वहिनींना दंडवत. यावर एक जुना प्रयोग आहे, १९९४ चा, बेकारा, दमासिओ वगैरे मंडळींचा, अमेरिकेत आयोवाला. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत बक्षिसं मोठी पण दंड त्याहून मोठे, दोन गठ्ठ्यांत बक्षीस लहान, दंडही लहान. निरोगी माणसं चुकतमाकत चांगल्या गठ्ठ्यांकडे वळतात. मेंदूच्या पुढच्या खालच्या भागाला इजा झालेली माणसं मोठ्या बक्षिसाच्या गठ्ठ्यावरच हात टाकत राहतात, बुद्धी शाबूत असूनसुद्धा. अनेकदा कळतं, पण वळत नाही.

रिकामा_खिसा | १५ जून, दुपारी २:५१

कळतं पण वळत नाही ही म्हण आमच्या आजीला प्रयोग न करता माहीत होती :)

प्राजक्त_अंगण | १५ जून, रात्री १०:२५

मी नेहमी पाककृती विभागात असते, इथं पहिल्यांदा. माझ्या नवऱ्याला बायपोलर आहे, लग्नाला १६ वर्षं झाली, निदानाला ११. वर डिप्रेशनचं आलंय म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

हाय फेज येते तेव्हा तीन-तीन रात्री झोप नाही आणि सकाळी माणूस ताजातवाना. एकदा त्यानं सासवडकडं प्लॉटची बोलणी केली, टोकन म्हणून दोन लाख दिले, वर विक्रेत्याच्या मुलाला शिक्षणाचा सल्ला देऊन आला. आणि सगळ्यात अवघड काय सांगू का, तेव्हा तो इतका छान असतो! बोलका, उदार, माझ्या माहेरच्यांची चौकशी करणारा. समोरच्याला कळतच नाही की हा आजारी आहे, उलट धंद्यातल्या लोकांना असं गिऱ्हाईक देवासारखं. टोकन परत मिळायला आठ महिने लागले, ते पण सगळं नाही.

मग त्यानं स्वतः, बरा असताना, एका कागदावर लिहिलं. मी दोन रात्री झोपलो नाही तर कार्ड तुझ्याकडं देईन, मी नाही म्हणालो तरी तू मागायचं, पंचवीस हजारांच्या वरचं काहीही दोन रात्री झोपून मगच. लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू आहे, रक्ताची पातळी, थायरॉइड, किडनी हे ठरल्या वेळी तपासतो. कागद फ्रीजवर लावलाय, पाहुण्यांना वाटतं डाएट प्लॅन आहे.

पण एक चूक माझी पण लिहिते. गेल्या वर्षी तो म्हणाला मला पेटी घ्यायचीय, लहानपणी शिकत होता. डोळ्यांत चमक, यूट्यूबवर तास तास बघतोय, आणि माझ्या पोटात गोळा. मी त्याला न सांगता डॉक्टरांना फोन केला. झोप नीट होती, गोळ्या नीट होत्या, फक्त त्याला पेटी हवी होती. त्याला कळलं तेव्हा तो ओरडला वगैरे नाही, एवढंच म्हणाला की मला आता काही आवडायचीच चोरी आहे का. ते वाक्य माझ्या अजून घशात आहे. पेटी घेतली. वाजवतो बरी, भीमपलास सोडून.

उंबरठा | १५ जून, रात्री ११:४०

ताई, काय लिहिलंय. पेटीचं वाचून दोनदा मोबाईल खाली ठेवला.

माझं पण थोडं असंच व्हायला लागलंय पण मी स्वतःच करतोय ते. बायको म्हणाली रविवारी पानशेतला जाऊ, तर मी विचार करत बसलो की मला खरंच नकोय का हे डिप्रेशन नको म्हणतंय. प्रत्येक वाटण्याला ओळखपत्र मागत बसलो तर माणूस जगणार कधी.

काळा_कोट | १६ जून, सकाळी १०:१८

वकिलीच्या बाजूनं थोडं. उंबरठा, हक्कसोडपत्र म्हणजे व्हॉट्सऍपवर "ओके" नव्हे. स्थावर मिळकतीचं असतं म्हणून दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, स्टँप किरकोळ लागतो म्हणून लोकांना वाटतं कागदपण किरकोळ आहे. एकदा नोंदलं की नंतर "मन बदललं" म्हणून तुम्हाला एकट्याला फिरवता येत नाही, एकतर दादानं परत लिहून द्यायचं नाहीतर कोर्ट.

आता "मी तेव्हा डिप्रेशनमध्ये होतो" असं म्हणून कोर्टात रद्द होईल का? लोक समजतात होईल. इतकं सोपं नाही. १८७२ चा करार कायदा, कलम १२, बघतं एवढंच की सही करताना तुम्हाला व्यवहार समजत होता का आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा सारासार विचार करता येत होता का. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर स्पष्ट सांगतो की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी माणूस वेडसर, म्हणजे कायद्याच्या भाषेत विकलमनस्क, ठरत नाही, ते कोर्टानंच ठरवायचं. मला स्वतःला हे योग्य वाटतं. नाहीतर उद्या प्रत्येक भाऊ म्हणेल ह्याच्या गोळ्या चालू आहेत, ह्याची सही धरू नका. पण याचा दुसरा अर्थ असा की कायदा तुम्हाला शहाणा धरून चालणार, सही करताना तुम्ही शहाणे असाल ही जबाबदारी तुमची.

प्राजक्त ताई, तुमच्या फ्रीजवरच्या कागदासारखी सोय त्या कायद्यात उपचारांपुरती आहे. पुढं आजार वाढला तर मला कसे उपचार द्या, कसे देऊ नका, हे आधी लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीनं बोलायला प्रतिनिधी नेमता येतो. प्लॉट आणि कार्डाला मात्र ते लागू नाही, तिथं तुमचा फ्रीजच कामाला येईल.

ऊसफड | १६ जून, रात्री ८:०५

उंबरठा भावा, मी शिरोळकडचा. सगळी तुझ्या डोक्याचं बोलालेत, तुझ्या दादाच्या डोक्याचं कुणीच बोलंना.

तामिळनाडूत ऊसवाल्या शेतकऱ्यांवर एक अभ्यास झालाय, २०१३ ला सायन्स मासिकात आला, ४६४ शेतकरी घेतले होते. त्याच माणसांची तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर परीक्षा घेतली, आकृत्या जुळवायच्या, लक्ष द्यायचं असल्या. तोडणीआधी, म्हणजे खिसा मोकळा, दागिने गहाण, तेव्हा तीच माणसं कमी मार्क काढत होती आणि बिल हातात पडल्यावर जास्त. माणूस तोच, अक्कल तीच. पैशाची चिंता डोक्यात एवढी जागा खाती की बाकीच्याला जागा उरत न्हाई. तिकडं कारखाना ज्याची त्याची तोडणी वेगवेगळ्या महिन्यात लावतो त्यामुळं ऋतूमुळं झालं असंपण म्हणता येत न्हाई. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती म्हणा, आमच्या आण्णांनी दोन म्हशी जूनमधीच विकल्यात आणि दोन्ही वेळा दिवाळीत पश्चात्ताप.

आता सांग, तुझा दादा कधी विचारालाय? मे-जून. बी-बियाणं, खत, पोरांच्या फिया, सोसायटीचं देणं, सगळं ह्याच टायमाला. तुला फोन बंद व्हायला पायजे आणि त्याला सोसायटीचा माणूस दारातनं जायला पायजे. दोघं मिळून एक घर उडवालायसा. त्याला आधी विचार, नुसतं घरच बांधायचंय का मागं अजून काय हाय.

उंबरठा | १६ जून, रात्री ९:३०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. मी दादाला "मागणारा" धरूनच चाललो होतो.

डलासकर | १७ जून, सकाळी ६:४४ (तुमच्याकडे)

चांगला धागा. पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. २०२३ ला माझा लेऑफ झाला. एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की नवीन नोकरी नाहीतर दुसरी काही सोय करायला ६० दिवस. घर, दोन मुलं शाळेत, बायको डिपेंडंट व्हिसावर. पहिली जी ऑफर आली ती पगार कमी, पद कमी, गाव नको असलेलं, घेतली. त्या दिवसांत मी पूर्ण टेन्शनमध्ये होतो, हात थरथरायचे, मुलाच्या वाढदिवसाचा केक कुठला हे ठरवता येत नव्हतं (आमचा दोडका!). नंतर थेरपिस्ट म्हणाली तो निर्णय फिअरमधून घेतलात. मी म्हणलं बाई, फिअर खरी होती, कॅलेंडर भिंतीवर होतं. पायाला आग लागली असताना पळणं याला कुणी आजार म्हणतं का?

म्हणजे घाईचा निर्णय म्हणून तो लगेच आजारी निर्णय होत नाही. मुदत कुणी घातलीय ते बघा. माझी सरकारनं घातली होती. उंबरठा, तुमची कुणी घातलीय?

नानासाहेब_निवृत्त | १७ जून, दुपारी १२:३०

श्री. डलासकर यांच्याशी प्रथमच सहमत.

काल रात्री हा धागा परत वाचला म्हणून लिहितो. डिसेंबर २००० मध्ये आमची ही गेली. बँकांत तेव्हा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, योजना आली होती. मी तेराव्यानंतर चौथ्या दिवशी अर्ज भरला. शाखेत सर्वांनी सांगितले थांबा. मी ऐकले नाही. त्या टेबलावर बसवेना, कारण दुपारी एक वाजता डबा उघडायचा असे आणि डबा येणे बंद झाले होते. आता ऐका. त्या पैशातून थोरल्याचे शिक्षण झाले, मी दोन वेळा नर्मदा परिक्रमा केली, आजतागायत पश्चात्ताप नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने आजारी मनाने घेतलेला निर्णय, आणि बरोबर निघाला. मग?

कोरडा_पाऊस | १७ जून, दुपारी १२:५५

नाना, यावर माझ्याकडं काहीच नाही. डब्याचं वाचून गप्प झालो.

निशिगंध_नाशिक | १७ जून, दुपारी १:४०

नाना, बरोबर निघाला याचा आनंदच आहे. पण लॉटरी लागली म्हणून तिकीट काढणं शहाणपणाचं होतं असं नाही ना म्हणत आपण. तुम्हाला नोकरी सोडायची होती की तो डबा उघडायची वेळ टाळायची होती, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर कदाचित तुम्ही तरीही अर्ज भरला असता. कदाचित दुसऱ्या टेबलावर बदली मागितली असती. मला वाटतं विचारायचा प्रश्न तेवढाच, मी हे काय मिळवायला करतोय का काय थांबवायला, आणि थांबवायलाच असेल तर ते याहून स्वस्तात थांबतं का.

नानासाहेब_निवृत्त | १७ जून, दुपारी १:५८

दुसऱ्या टेबलावर बदली. हे मात्र कोणी सुचवले नव्हते.

उंबरठा | १८ जून, रात्री १२:१५

स्वस्तात थांबतं का, हे आज दिवसभर डोक्यात होतं.

मग संध्याकाळी मी एक केलं, हसू नका. दादाला मेसेज टाकला की रोज फोन नको, रविवारी सकाळी दहाला मी करत जाईन, अर्धा तास बोलू. तो "बर" म्हणाला. बास. आणि खरं सांगतो, सही करून टाकायची जी खाज होती ती ऐंशी टक्के तिथंच गेली. म्हणजे मी घर देत नव्हतोच, मी फोन बंद करत होतो, आणि त्यासाठी किंमत म्हणून घर निघालो होतो द्यायला. २०२१ ला पण तसंच असणार, मला नोकरी नको नव्हती, सोमवार सकाळचा साडेनऊचा एक कॉल नको होता. सुट्टी मागता आली असती. टीम बदलून मागता आली असती. ते सुचलंच नाही, त्या रात्री मला दोनच रस्ते दिसत होते, हे सगळं किंवा काहीच नाही.

डलासकर, मुदत दादानं घातली नव्हती, विचारलं त्याला. त्यानं फक्त "लवकर बघ" म्हणलेलं. तारीख मी माझी मीच धरली होती.

रिकामा_खिसा | १८ जून, सकाळी ९:०५

बाजार रोज सव्वानऊला उघडतो ही पण मुदत मीच घालून घेतली होती राव. तो उद्यापण उघडणार होता.

प्राजक्त_अंगण | १८ जून, सकाळी ९:४०

उंबरठा, गोळ्या बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनानं सोडू नका हं. आमच्याकडं बरं वाटलं म्हणून बंद, हा निर्णय सगळ्यात महाग पडलाय, प्लॉटपेक्षा. डॉक्टरांना विचारूनच काय ते.

उंबरठा | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतोय. गौरी-गणपतीला गावाला आठ दिवस होतो, वडील गेल्यावर पहिल्यांदाच इतका राहिलो.

ऊसफड, तुमचा नेम बरोबर बसला. दादावर सोसायटीचं आणि एका सावकाराचं मिळून देणं होतं, वडिलांच्या दवाखान्याला काढलेलं, मला कुणी सांगितलंच नव्हतं, "त्याचं आधीच डोकं ठिकाणावर नाही, त्याला कशाला" म्हणून. हे वहिनी बोलून गेली भाकरी थापता थापता आणि मग सगळेच गप्प झाले. घर पाडून बांधायचं हे खरं होतं पण मुळात कर्ज त्यासाठी नव्हतं. मला आधी राग आला, मग आठवलं की मी त्या महिन्यांत कुणाचा फोनच घेत नव्हतो, सांगणार कधी.

सावकाराचं तेवढं मी एफडी मोडून दिलं. बायकोला विचारून, दोन रात्री झोपून (प्राजक्त ताईंचा नियम), आणि दादाच्या नावावर हातउसने म्हणून वहीत लिहून, तो आग्रह त्याचाच. हक्कसोडपत्र केलं नाही, नाही म्हणून पण सांगितलं नाही, ऊसबिल आल्यावर मार्चमध्ये दोघांनी बसून ठरवायचंय. डॉक्टर म्हणाले ठीक चाललंय, डोस तोच. भाजी अजून बायकोच आणते, ते काही सुधारलेलं नाही.

काळा_कोट | २१ सप्टेंबर, रात्री ८:१२

वहीपेक्षा साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवा, प्रेम असलं तरी. आणि पैसे रोख न देता खात्यातून दिलेत ना?

उंबरठा | २१ सप्टेंबर, रात्री ८:३०

खात्यातून. तेवढी अक्कल शाबूत होती.

ऊसफड | २१ सप्टेंबर, रात्री ९:१०

लई भारी काम केलास भावा. जुनं घर म्हणालास म्हणून विचारतो, परड्यात आड हाय काय? पाणी हाय का अजून?

उंबरठा | २१ सप्टेंबर, रात्री ९:२२

आहे की. पाणी बारमाही, पण रहाट मोडलाय. दादा म्हणतो काढून टाकू, मोटर बसवू. मी म्हणतो मोटर बसव पण रहाट नीट करून तिथंच ठेवायचा, सुतार मी बघतो. त्यावरून रविवारच्या फोनवर चाळीस मिनिटं भांडलो.